हौद भरतो आणि दोन दिवसांत खाली जातो : घरातली पाणीगळती शोधायची कशी?

काळीमाती

नमस्कार मंडळी. बालाघाटाच्या पायथ्याला, तालुक्याच्या गावी आमचं घर आहे, वडिलांनी बांधलेलं. गल्लीत चार-पाच दिवसांआड नळ सुटतो. म्हणून अंगणात जमिनीखाली हौद आहे, आतून दहा फूट लांब, पाच फूट रुंद, सहा फूट खोल. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. नळ सुटला की हौद काठोकाठ भरतो. पण मोटार लावली नाही, बादलीभरही काढलं नाही, तरी दीड-दोन दिवसांत पातळी दीड फूट खाली जायलीय.

भिंतीला लोणा नाही, फरशी कोरडी आहे, गिलाव्याला कुठं पोपडे नाहीत. प्लंबरला दाखवलं तर तो म्हणतो, स्वयंपाकघराची फरशी उकरू, खालचा पाईप गेला असणार. आई त्याला तयार नाही आणि मलाही अंदाजावर फरशी फोडणं पटत नाही. फोडाफोडीच्या आधी घरच्या घरी काय तपासावं, कोणत्या क्रमानं?

दुसरं असं की गेटसमोर रस्त्याच्या कडेला एक पट्टा ओला असतो. तो सार्वजनिक लाईनचा असेल तर कळवायचं कुणाला आणि कसं? उन्हाळा तोंडावर आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

गोदातीर

फरशीला हात लावू देऊ नका. आधी कमोडची टाकी बघा, सगळ्यात जास्त पाणी तिथून गुपचूप जातं. टाकीत चिमूटभर जिलबीचा रंग टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गेलं. बोअरच्या क्षारांनी ते रबर लवकर कडक होतं. आमच्याकडं नांदेडला घरोघरी हीच तक्रार आहे.

आडवाट

सगळ्यात सोपं : घरातले सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, दोन तासांनी परत बघा. आकडा सरकला तर गळती आहे. मी पुण्यात हेच करतो.

माहेरवाशीण_परभणी

आडवाट दादा, तुमचं पुण्यापुरतं बरोबर आहे. पण आमच्याकडं बऱ्याच घरांना मीटरच नाही, पाणीपट्टी वर्षाची ठोक भरतात. आणि मीटर असता तरी आठवड्यातून एक-दोनदा तास-दोन तास पाणी येतं, बाकी वेळ लाईन रिकामी. रिकाम्या लाईनीत मीटर काय दाखवणार?

टेफलॉनटेप

मी लातूर जिल्ह्यात नळकाम करतो, बारक्या घरांपासून मंगल कार्यालयांपर्यंत. ताई बरोबर सांगायल्यात. आपल्याकडं गळती शोधायची तर पाणी कुठून कुठं जातं त्या वाटेचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा बंद करून बघायचा.

काळीमाती भाऊ, तुमच्या घरी तीन तुकडे आहेत. रस्त्यापासून हौदापर्यंत एक, हौदापासून गच्चीच्या टाकीपर्यंत दुसरा, टाकीपासून नळांपर्यंत तिसरा. तुम्ही म्हणता मोटार बंद असताना हौद उतरतो. मग तिसऱ्या तुकड्याचा संबंधच येत नाही. स्वयंपाकघरातला पाईप टाकीवरून खाली येतो. तो फुटला तर टाकी रिकामी होईल, हौद नाही. कमोडचंही तेच. गोदातीर भाऊंची रंगाची युक्ती चांगली आहे, सगळ्यांनीच करून बघावी, पण या दुखण्याचं ते कारण नाही. म्हणून फरशी फोडू नका, प्लंबर कितीही आग्रह करो.

दुसऱ्या तुकड्यात फूट व्हॉल्व, म्हणजे मोटारीच्या पाईपाच्या हौदातल्या टोकाला असतो तो व्हॉल्व, गळत असेल तर पाईपातलं पाणी परत हौदातच येतं. मोटार हवा पकडते, तिला पाणी पाजावं लागतं, पण हौदाची पातळी उतरत नाही.

राहिला हौद स्वतः आणि पहिला तुकडा. हौद पुढच्या वेळी भरला की नळ जायच्या आत, पाणी चालू असतानाच, हौदाच्या तोंडाशी जो गेट व्हॉल्व आहे तो घट्ट बंद करा. आतल्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढा. झाकण लावा. मोटार लावू नका, त्या दिवसापुरतं पाणी आधी गच्चीवर आणि ड्रममध्ये भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी रेघ बघा. झाकलेल्या हौदातून वाफेनं जाणारं पाणी धरण्याइतकं नसतं.

तुमच्या हौदाचा हिशोब पण देतो. दहा बाय पाच म्हणजे पन्नास चौरस फूट. पातळी एक इंच उतरली तर सुमारे ११८ लिटर गेलं. दीड फूट म्हणजे २१०० लिटरच्या वर. माझा अंदाज हौदाला तडा गेल्याचा आहे, पण रेघेवरून कळेल.

गोदातीर

२१०० लिटर! आमच्याकडं एवढ्यात दोन दिवसांचं लग्नघर निघतं 😀

मांजराकाठ

हा आकडा वाचून २०१६ आठवलं. मी लातूरचा. त्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत. पहिल्या गाडीला दहा वॅगनी होत्या, पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वॅगनींची गाडी येऊ लागली, पंचवीस लाख लिटरची. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळ बंदच होते. टँकर आला की बायामाणसं, लेकरं, म्हातारी माणसं सगळी घागरी घेऊन उभी राहायची.

एका वॅगनीत साधारण पन्नास हजार लिटर मावायचं. काळीमातींच्या हौदातून प्रत्येक भरणीला २१०० लिटर जात असेल आणि पाच दिवसांआड भरणी असेल, तर वर्षाला दीड लाख लिटरच्या पुढं जातं. एका घराच्या गळतीत तीन वॅगनी! ज्यानं ते दिवस बघितले त्याला हा हिशोब झोप लागू देणार नाही. म्हणून असे धागे व्हावेत असं मनापासून वाटतं.

आडवाट

मांजराकाठ, तुमचा मुद्दा कळला. मीटरचं मी मागं घेत नाही मात्र. मीटर नाही म्हणून कुणालाच गळती कळत नाही, हाच तर खरा रोग आहे. ठोक पाणीपट्टीत एक घर हजार लिटर वापरतं आणि दुसरं पाच हजार, बिल सारखंच. मीटर असते तर लोकांनी स्वतःहून शोधली असती.

पाणीसमिती

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात पाणीपुरवठा समितीवर आहे. मीटरला माझा विरोध नाही. पण अधूनमधून येणाऱ्या पाण्यात आधी लाईनीतली हवा सुटते आणि मीटरचा काटा हवेवरही फिरतो. गाळानं मीटर अडकतातही. आधी पाणी रोज, ठरल्या वेळी यावं, मग मीटरचा आकडा कामाला येईल. जलजीवन मिशनमध्ये गावात माणशी दिवसाला ५५ लिटर धरलेत, भुयारी गटार असलेल्या शहरात १३५ लिटरचं माप आहे. काळीमातींच्या हौदातून पाच दिवसांत जे जायलंय ते पाच दिवसांवर वाटलं तर दिवसाला सव्वाचारशे लिटर होतं. गावातल्या सात-आठ माणसांचा वाटा तो.

निवृत्त_अभियंता

पाणीपुरवठ्याच्या कामात माझी नोकरी गेली, त्या आधारावर लिहितो.

टेफलॉनटेप यांची तुकडे पाडून बघायची पद्धत अगदी योग्य आहे. त्यांच्या तड्याच्या अंदाजाशी मात्र मी सहमत नाही. काळीमाती, मला दोन गोष्टी सांगा. एक, हौद दीड फूट उतरल्यावर पुढंही उतरत राहतो की तिथंच थांबतो? दोन, रस्त्यावरून येणारा पाईप हौदात वरच्या वर सुटतो की आत खालपर्यंत नेलेला आहे?

विचारण्याचं कारण असं. पाणी पडण्याचा आवाज होऊ नये, उडू नये म्हणून बरेच जण हौदात येणारा पाईप तळापर्यंत नेतात. हौद भरला की त्या पाईपाचं तोंड पाण्यात बुडतं. रस्त्यावरची लाईन बंद झाली, तिच्यातला दाब गेला की तोच पाईप उलट्या दिशेनं पाणी ओढतो. रस्त्याखाली तुमच्या जोडणीला कुठं भोक असेल आणि ते हौदातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर हौदातलं पाणी त्या भोकातून जमिनीत जात राहतं, पातळी भोकाच्या उंचीला येईपर्यंत. मग थांबतं.

तड्यातही पातळी तड्यापाशी येऊन थांबते, म्हणून नुसतं थांबण्यावरून ठरवता येणार नाही. गेट व्हॉल्व बंद करून पातळी टिकली तर दोष रस्त्याकडच्या तुकड्यात, बंद करूनही उतरली तर दोष हौदात. आणि तो ओला पट्टा मला फार महत्त्वाचा वाटतो. तो कधी ओला असतो आणि कधी सुकतो, ते बघून ठेवा.

काळीमाती

सर, अंगावर काटा आला. पातळी दीड फुटाला येऊन थांबते, त्यानंतर उतरत नाही. पाईप आत तळापर्यंत नेलेला आहे, पाणी उडतं म्हणून वडिलांनीच नेला होता. पट्ट्याकडं आता नीट बघतो. पुढच्या वेळी नळ सुटला की व्हॉल्व बंद करून रेघ ओढतो आणि इथं लिहितो.

माहेरवाशीण_परभणी

सरांनी सांगितलं त्यात भिण्यासारखं अजून एक आहे. पाणी बाहेर जाणारं भोक घाण आतही घेतं. आमच्या माहेरच्या गल्लीत उन्हाळ्यात घराघरात कावीळ झाली. माझा लहान भाऊ महिनाभर अंथरुणाला खिळला होता. नालीच्या कडेनं जुनी लाईन गेली होती आणि तिच्यात जोड होता. नळ गेला की लाईन रिकामी व्हायची आणि नालीतलं पाणी जोडातून आत. पुन्हा नळ सुटला की आधी तेच यायचं. लोकांना वास यायचा, पण पाणी चार दिवसांनी आलेलं, कोण सांडून देतं?

माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, नळ सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं पाणी हौदात घेऊ नका. बादलीत घ्या, झाडांना घाला, अंगण धुवा. पाण्याला रंग किंवा वास असेल तर उकळल्याशिवाय पिऊ नका आणि त्याच दिवशी कळवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे आशाताई किंवा जलसुरक्षक तपासून देतात. नळापाशी निदान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, असायला हवं.

पाणीसमिती

ताईंचं बोलणं शंभर टक्के खरं आहे. आणि थेट लाईनीला मोटार लावणाऱ्यांनी हे वाचावं. मोटार लाईनीतून ओढते तेव्हा दाब अजून खाली जातो आणि जिथं भोक असेल तिथून घाण आत खेचली जाते. आपल्या घरी पाणी जोरात येतं, शेजाऱ्याच्या घरी नाली येते.

पैठणची_पोर

विषय थोडा बाजूला नेते, पण राहवत नाही. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की बघितली असेल सगळ्यांनी. तिथलं पाणी डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं. मलिक अंबरनं सतराव्या शतकात या शहराला नहरीनं पाणी दिलं. नहरीच्या वाटेवर ठिकठिकाणी विटांचे मनोरे आहेत, तिथं पाणी वर चढायचं आणि अडकलेली हवा निघून जायची. गाळ काढायला उतरण्याची सोयही होती. म्हणजे बांधतानाच दुरुस्तीचा विचार केलेला! आपण आज सगळे पाईप भिंतीत आणि फरशीखाली गाडतो आणि त्यांचा नकाशाही ठेवत नाही.

घर बांधणाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं : प्लास्टर करायच्या आधी प्रत्येक भिंतीचे मोबाईलवर फोटो काढा, बाजूला टेप धरून. पुढं कुठला पाईप कुठून गेला ते शोधत बसावं लागत नाही.

टेफलॉनटेप

पैठणच्या ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. त्यात एक भर. टाईल बसवायच्या आधी पाईपाला हातपंपानं दाब देऊन रात्रभर ठेवायला लावा आणि सकाळी काटा स्वतः बघा. मिस्त्री घाई करतो, करू द्या. टाईल बसल्यावर त्याच जोडासाठी सगळी भिंत फोडावी लागते.

मोगरा

मी फ्लॅटमध्ये राहते. आमच्या न्हाणीच्या छताला ओल आहे. वरचे म्हणतात, आमच्याकडं सगळं कोरडं आहे, तुमचाच पाईप असेल. यावरून बोलणं बंद होण्याची वेळ आली आहे. कसं ठरवायचं?

टेफलॉनटेप

मोगराताई, ओल चोवीस तास सारखीच असेल तर पाण्याचा पाईप, कारण त्यात पाणी कायम भरलेलं असतं. त्यांची आंघोळ झाल्यावर वाढत असेल आणि ते गावाला गेल्यावर सुकत असेल तर सांडपाण्याचा पाईप किंवा फरशीचे सांधे. वरच्यांना विनंती करा : न्हाणीच्या जाळीत बोळा घालून एक इंच पाणी एक दिवस उभं ठेवायचं. त्यात तोच जिलबीचा रंग थोडा टाकायचा. खाली रंगीत ओल आली तर फरशीचा दोष. बोळा काढून पाणी सोडल्यावर आली तर खालच्या पाईपाचा. दोन्ही घरच्यांनी मिळून बघा. डोळ्यासमोर दिसलं की भांडणाला जागा राहत नाही.

मोगरा

खूप आभार. वरच्या काकू चांगल्या आहेत, रविवारी चहाला बोलावते आणि बोलते.

बालाघाट_वाट

गच्चीच्या टाकीचं कुणी बोललंच नाही. बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, अडकला की टाकी वाहत राहते आणि पाणी सांडव्याच्या पाईपातून गच्चीवर जातं. खालून कुणाला दिसत नाही. आमच्याकडं शेजारच्या घराच्या भिंतीला ओल आली तेव्हा कळलं. सांडव्याच्या पाईपाचं तोंड दिसेल अशा जागी, दारासमोर आणा. पाणी पडलं की आवाज येतो.

टाकीपासून नळापर्यंतची गळती बघायची तर रात्री झोपताना टाकीखालचा कॉक उघडा ठेवा, घरातले नळ बंद करा, टाकीत काठीनं पातळी मोजा. सकाळी परत मोजा. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण आठ-नऊ लिटर. उतरली तर दुसऱ्या रात्री कॉक बंद करून तेच. बंद केल्यावर टिकली तर घरातला पाईप, नाही टिकली तर टाकी.

आडवाट

आणि ठिबकणारा नळ? सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला किती लिटर याचे वेगवेगळे आकडे वाचले, चार लिटरपासून तीस लिटरपर्यंत.

निवृत्त_अभियंता

थेंबाचा आकार नळानुसार बदलतो, म्हणून आकडे जुळत नाहीत. मोजून घ्या. खाली भांडं लावा आणि पाच मिनिटांत किती जमतं ते बघा. पाच मिनिटांत १०० मिली जमलं तर दिवसाला जवळजवळ २९ लिटर. वायसर बदलायला दहा-वीस रुपये लागतात. वायसर बदलूनही ठिबकत असेल तर नळातली बैठक झिजलेली असते, मग तोटीच बदला.

काळी माती हा आपल्याकडचा मोठा मुद्दा आहे, तो सांगायचा राहिला. उन्हाळ्यात ही माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात ती फुगते. तिच्यात गाडलेला पाईप दरवर्षी खालीवर होतो. ताण सगळा जोडांवर येतो, त्यातही पाईप भिंतीत शिरतो तिथं आणि हौदाच्या काठाशी. पावसाळा सुरू झाला की लाईनी फुटायच्या तक्रारी वाढतात त्या यामुळंही. म्हणून चर खोदताना पाईपाच्या खाली आणि भोवती मुरूम किंवा वाळू भरावी, काढलेली काळी माती तशीच ढकलू नये. भिंतीतून पाईप नेताना त्याच्याभोवती मोठ्या पाईपाचा तुकडा बसवावा, म्हणजे पाईपाला हलायला जागा राहते. जस्ताच्या पाईपाला, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपाला, या मातीत गंज लवकर लागतो. रस्त्यापासून घरापर्यंत निळा एमडीपीई (लवचिक प्लास्टिकचा) पाईप अखंड, मध्ये जोड न देता टाकला तर बरीच वर्षं बघावं लागत नाही.

काळीमाती

मंडळी, रेघ ओढली, बघितली. गेट व्हॉल्व बंद केल्यावर हौद जिथल्या तिथं. एक दोरा उतरला नाही. मग व्हॉल्व उघडला तर संध्याकाळपर्यंत रेघ उघडी पडली.

पट्ट्याचंही सांगतो. व्हॉल्व बंद होता तेव्हा पट्टा सुकायला लागला. उघडल्यावर परत ओला. म्हणजे मी रस्त्याची लाईन म्हणून ज्याची तक्रार करणार होतो ते आमच्याच हौदाचं पाणी आहे! सर, तुम्ही बसल्या जागी सांगितलं होतं. टेफलॉनटेप भाऊ, तुमच्या रेघेनं फरशी वाचली. आई दोघांनाही आशीर्वाद देतेय.

आता पुढं काय? पाईप हौदात वर उचलून घेतला की झालं का?

निवृत्त_अभियंता

पाईपाचं तोंड हौदाच्या भरलेल्या पातळीच्या वर घ्याच, निदान वीतभर. मग हौदातलं पाणी उलटं जाणार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. भोक तसंच राहील. नळ चालू असताना त्यातून पाणी जाईल आणि बंद असताना आजूबाजूची घाण आत येईल. आज हौदातलं पाणी उलटं बाहेर वाहत असल्यामुळं घाण काही प्रमाणात बाहेर राहतेय. पाईप वर घेतला आणि भोक ठेवलं तर धोका उलट वाढतो. दोन्ही कामं एका दमात करा. उलटं पाणी अडवणारा व्हॉल्वही गेटजवळ बसवा.

टेफलॉनटेप

खोदताना पट्टा जिथं सगळ्यात ओला तिथं आधी खोदू नका. पाणी उताराकडं पाझरत जातं, भोक बहुतेक वेळा त्याच्या वरच्या अंगाला असतं. नळ सुटल्यावर रात्रीच्या शांततेत पेचकसाचं टोक पाईपाला लावा आणि मुठीला कान लावा. जस्ताच्या पाईपात भोकाजवळ सूं सूं आवाज वाढत जातो. प्लास्टिकच्या पाईपात आवाज फार लांब जात नाही. लाईनीत पाणी नसताना कितीही कान लावले तरी काही ऐकू येणार नाही, मग यंत्र असो की पेचकस.

काळीमाती

आणि परवानगी? पट्टा गेटच्या बाहेर आहे, डांबरी रस्त्याच्या कडेला.

आडवाट

कशाला परवानगी? तक्रार करून कोण येतं? पहाटे खोदा, दुरुस्त करा, बुजवा. लेखी दिलं तर महिना जातो.

पाणीसमिती

आडवाट भाऊ, असं सांगू नका. रस्त्याखाली दुसऱ्यांचे नळ आहेत, विजेची केबल आहे. कुदळ लागली तर गल्लीचं पाणी बंद होतं आणि केबलला लागली तर जीव जातो.

काळीमाती दादा, आमच्याकडं मुख्य लाईनीवर फेरूल, म्हणजे घराची जोडणी जिथून निघते तो तोटीसारखा भाग, असतं तिथून पुढची जोडणी घरमालकाची आणि मुख्य लाईन पालिकेची असं धरतात. तुमच्याकडचा नियम पाणीपुरवठा विभागात विचारून घ्या. आधी तुमच्या भागाच्या व्हॉल्वमनला भेटा. कुठल्या घराची जोडणी कुठून आहे ते त्याच्या डोक्यात असतं आणि फेरूल तोच बंद करून देऊ शकतो. मग साधा अर्ज : नाव, नळजोडणी क्रमांक, गळतीची जागा, कधीपासून आहे, नळ चालू असताना दिसते की बंद असतानाही. जागा सांगताना जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक लिहा, "अमक्याच्या घरासमोर" लिहिलं तर नवीन माणसाला सापडत नाही. फोटो जोडा. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. रस्ता खोदायची परवानगी त्याच अर्जात मागा. गावात असाल तर हाच अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे ग्रामसेवक). दाद लागली नाही तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाकता येते, आवक क्रमांक तिथं उपयोगी पडतो.

आणि ओल्या पट्ट्याजवळून नाली जात असेल तर अर्जात ते ठळक लिहा. गळती म्हणून वाचलं तर रांगेत लागतं, पिण्याच्या पाण्यात नाली मिसळतेय म्हणून वाचलं की लवकर हालचाल होते. माझा अनुभव आहे.

आडवाट

केबलचं मान्य. पण परवानगी येईपर्यंत दोन हजार लिटर दर भरणीला जात राहणार, त्याचं काय?

पाणीसमिती

तोवर गेट व्हॉल्व आहे की. हौद भरला की बंद, नळ सुटला की उघडा. आणि पहिलं पाणी हौदात नाही.

काळीमाती

तेच करतोय. व्हॉल्वमन मामांना भेटलो. ते म्हणाले, तुमची जोडणी जुनी जस्ताची आहे, नाली ओलांडून येते. ऐकून आईनं लगेच पिण्याचं पाणी उकळायला ठेवलं. अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. निळ्या पाईपाचं मोजमाप घेऊन ठेवलंय, जोड न देता फेरूलपासून गेटपर्यंत एकच तुकडा टाकणार. नालीच्या खालून न नेता वरून, बाहेर मोठ्या पाईपाचं कवच घालून न्यावा असं मामा म्हणतात. सर, बरोबर आहे ना?

निवृत्त_अभियंता

अगदी बरोबर. कवचाचा पाईप नालीच्या दोन्ही बाजूंना हातभर पुढं घ्या. बुजवण्याआधी फेरूल उघडून घ्या आणि पाणी चालू असताना सगळे जोड कोरड्या फडक्यानं पुसून बघा.

बोअरवाला_जालना

उशिरा आलो. आमच्याकडं नळ नाही, बोअरच आहे. मोटार चालू केली की पूर्वी लगेच पाणी यायचं, आता बराच वेळ लागतो. पाणी खाली गेलं म्हणावं तर शेजाऱ्याच्या बोअरला आहे तसंच आहे. ही पण गळतीच का?

टेफलॉनटेप

असू शकते. मोटार बंद केल्यावर पाईपात उभं राहिलेलं पाणी खाली उतरत असेल तर पुढच्या वेळी आधी पाईप भरावा लागतो, म्हणून उशीर. दोन कारणं : मोटारीच्या तोंडावरचा व्हॉल्व गेला, नाहीतर मधला एखादा जोड गळतोय. मोटार बंद करून पाच मिनिटांत परत चालू करा, पाणी यायला किती सेकंद लागतात ते बघा. मग रात्रभर बंद ठेवून सकाळी तेच करा. पाच मिनिटांनी लगेच येत असेल आणि सकाळी उशीर होत असेल तर बारीक गळती आहे. पाच मिनिटांनीही तेवढाच उशीर झाला तर व्हॉल्व पूर्ण गेलाय. मोटार वर काढायचीच असेल तर सगळे जोड एकदाच बघून घ्या, वर काढायची मजुरी दुसऱ्यांदा भरायला नको.

बोअरवाला_जालना

उद्या सकाळी घड्याळ लावून बघतो आणि सांगतो.